जुन्या गिरणीपासून टॉवेलपर्यंत : औद्योगिक धोरणाच्या वादाची पार्श्वभूमी

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झाले. टेरी टॉवेल विणणाऱ्या सोलापूरला ही लांबची बातमी नव्हती. उद्योगाला संरक्षण द्यावे की त्याला बाजारात झुंजू द्यावे, हा वाद अर्थशास्त्रात पुन्हा तापला आहे आणि त्याची मुळे सुताच्या धंद्यातच आहेत.

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडचे खुल्या व्यापाराचे तत्त्व सगळ्या देशांना सरसकट लागू पडत नाही, ही त्यांची मांडणी. त्याचा पुरावा लवकरच मिळाला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरणीवाल्यांच्या दबावाखाली १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. आयात कापडावरही शुल्क तेवढेच, म्हणजे घरच्या गिरणीला कणभरही फायदा उरू द्यायचा नाही. हा कर हटायला १९२६ उजाडले.

स्वातंत्र्यानंतर धोरण आपल्या हाती आले आणि पहिली मोठी परीक्षा सोलापुरातच झाली. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. हजारो कामगारांच्या घरची चूल विझण्याची वेळ आली, तेव्हा केंद्राने १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून व्यवस्थापन ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सरकारची बाजू मान्य केली, पण १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात हेच पाऊल घटनाबाह्य ठरवले. मालमत्तेच्या हक्कावरची १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती समजून घ्यायची तर हा खटला वाचावाच लागतो. आपल्या गावचे नाव घटनेच्या इतिहासात असे कोरले गेले, हे शाळेत मुलांना सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

हातमाग वाचावा म्हणून १९५० च्या दशकात गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली गेली. प्रत्यक्षात मधली जागा यंत्रमागाने घेतली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराला लागूनच माग मांडले. परदेशी बाजारात १९७४ पासून बहुतंतू कराराचा कोटा, म्हणजे कोणत्या देशाने किती कापड पाठवायचे याची मर्यादा होती. तो १ जानेवारी २००५ ला संपला आणि चीनच्या मालाशी थेट गाठ पडली.

इथे नव्या संशोधनाचा उपयोग होतो. अर्थतज्ज्ञ रेका युहास यांनी नेपोलियनच्या काळातील फ्रान्स तपासला. युद्धातील नाकेबंदीमुळे जिथे ब्रिटिश सूत पोहोचणे अधिक अवघड झाले, तिथे यंत्रावरची सूतकताई जास्त वाढली आणि नाकेबंदी उठल्यावरही टिकली. म्हणजे संरक्षण उपयोगी पडू शकते, पण त्या मुदतीत नवे तंत्र अंगी बाणले तरच. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास तर मुंबईजवळच्या कापड कारखान्यांतला. दोषांची नोंद, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, सुताच्या साठ्याची मांडणी, एवढ्या साध्या गोष्टींनी पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. आपण सवलत दिली, संरक्षण दिले, पण त्या बदल्यात शिकण्याची अट घातली नाही, असे माझे मत हे वाचून पक्के झाले.

चादरीच्या मागावर जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, भोक पाडलेले पुठ्ठे दोरीने ओवलेले असतात. एकेक पुठ्ठा पुढे सरकतो, कोणता ताणा (मागावरचा उभा धागा) उचलायचा ते ठरते आणि नक्षी उमटते. नवी नक्षी म्हणजे पुठ्ठ्यांची नवी माळ. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर तीच नक्षी संगणकातून उतरते. पण ते यंत्र महाग, आणि चार-सहा माग चालवणाऱ्याला त्यासाठी कर्ज काढावे लागते. टॉवेलवरचे शुल्क वाढले की त्याचा पहिला हिशेब या हप्त्याचाच असतो.