कार्यप्रक्रिया आरेखन सॉफ्टवेअर

एखादे काम संस्थेत कसे सुरू होते, कोणाकोणाच्या टेबलावरून जाते, त्याला कुठे फाटे फुटतात, ते कुठे अडते आणि केव्हा संपले असे धरले जाते, हे ठरावीक चिन्हांत मांडण्याचे, तपासण्याचे आणि त्यावरून कामाची नवी वाट आखण्याचे संगणकीय साधन. कर्जाचा अर्ज, पुरवठादाराचे बिल, रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडणे, नव्या कर्मचाऱ्याची नेमणूक अशी अनेक विभागांतून जाणारी कामे हे त्याचे खरे क्षेत्र. व्यवहारात त्याला ‘प्रोसेस मॉडेलिंग टूल’ म्हणतात आणि कामाच्या वाटेला ‘वर्कफ्लो’.

चौकटी आणि बाण काढून देणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. १९९२ मध्ये आलेले आणि २००० पासून मायक्रोसॉफ्टकडे असलेले व्हिजिओ त्यांतले बहुपरिचित. पण चित्र काढणे वेगळे आणि प्रतिमान (मॉडेल) उभे करणे वेगळे. चित्रातली चौकट ही नुसती चौकट असते. प्रतिमानातल्या चौकटीमागे माहिती असते: हे काम कोण करतो, त्याला किती वेळ लागतो, कोणता कागद आत येतो, कोणता बाहेर जातो. ‘ग्राहकाची ओळख तपासणे’ ही पायरी तीस प्रक्रियांत येत असली तरी सॉफ्टवेअरच्या भांडारात ती एकदाच नोंदलेली असते. उद्या ओळख तपासण्याचा नियम बदलला, तर कोणत्या प्रक्रियांना धक्का लागेल हे लगेच काढता येते. एखादा बाण कुठेच पोचत नसेल, तर तेही सॉफ्टवेअर दाखवून देते.

पूर्वपीठिका

कामाची वाट कागदावर काढण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे प्रक्रिया-तक्त्यांची कल्पना मांडली. १९४७ मध्ये त्याच संस्थेने अशा तक्त्यांसाठी पाच चिन्हे प्रमाण ठरवली: प्रत्यक्ष कामाला वर्तुळ, ने-आणीला बाण, तपासणीला चौकोन, साठवणीला त्रिकोण आणि खोळंब्याला इंग्रजी ‘डी’ अक्षराचा आकार. ही पाच चिन्हे थांबून पाहण्यासारखी आहेत. वस्तूत बदल घडवणाऱ्या कामाचे चिन्ह त्यांत एकच. उरलेली चार हलवणे, पाहणे, ठेवणे आणि वाट बघणे यांची. कारखान्यात खोळंबा डोळ्यांना दिसतो, कारण अर्धवट माल जमिनीवर पडून असतो. कचेरीतला खोळंबा कपाटात किंवा संगणकाच्या यादीत असतो, तो कोणाला दिसत नाही. पुढे कचेरीच्या कामासाठी ज्या प्रमुख चिन्हपद्धती तयार झाल्या, त्यांतून हे पाचवे चिन्ह गळाले. ही गळती किरकोळ नाही.

जर्मनीच्या कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ मधल्या आपल्या प्रबंधातून समांतर चालणाऱ्या क्रियांना गणिती रूप दिले. ‘पेट्री नेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आकृत्यांत टोकन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकते, आणि काम कुठवर आले ते टोकनाच्या जागेवरून कळते. आजही प्रक्रियेचे प्रतिमान बिनचूक आहे की नाही हे ठरवण्याचा पाया तोच आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने उत्पादनव्यवस्थेसाठी विकसित करवून घेतलेली ‘आयडेफ शून्य’ ही पद्धत १९९३ मध्ये तिथले संघीय मानक झाली. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, झारब्र्युकेनचे प्राध्यापक आउगुस्ट-विल्हेल्म शेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटना आणि क्रिया यांची साखळी मांडणारी पद्धत पुढे आणली. शेअर यांचे ‘एरिस’ हे सॉफ्टवेअर तिच्यासह मोठ्या कंपन्यांत पसरले.

चिन्हांचे व्याकरण

आज सर्वाधिक प्रचलित असलेली चिन्हलिपी म्हणजे ‘बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन’, थोडक्यात बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, २००६ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या सॉफ्टवेअरची मानके ठरवणाऱ्या संस्थेने ती स्वीकारली, जानेवारी २०११ मध्ये २.० ही आवृत्ती निघाली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ/आयईसी १९५१० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. वर्तुळ म्हणजे घटना: बारीक कडेचे सुरुवातीचे, जाड कडेचे शेवटचे. गोलसर कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम. पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे वाट फुटण्याची किंवा मिळण्याची जागा, तिला ‘गेटवे’ म्हणतात. आडवे पट्टे कोणाचे काम कोणते ते दाखवतात. पोहण्याच्या तलावातल्या पट्ट्यांवरून त्यांना ‘लेन’ हे नाव पडले. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरला, की काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले असे समजायचे.

नवख्या माणसाची चूक हमखास गेटवेत होते. फुलीचा गेटवे अनेक वाटांपैकी एकच उघडतो. अधिकच्या चिन्हाचा गेटवे सगळ्या वाटा एकदम उघडतो. समजा, बिल आल्यावर मालाची खातरजमा आणि दराची खातरजमा या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू केल्या, म्हणजे अधिकच्या चिन्हाने वाट फोडली. पण पुढे त्या फुलीच्या गेटवेने जोडल्या. फुलीचा गेटवे कोणाचीच वाट पाहत नाही. पहिली खातरजमा झाली की टोकन पुढे जाते, दुसरी झाली की दुसरे टोकनही जाते, आणि ‘पैसे अदा करा’ हे काम दोनदा घडते. उलट चूक केली तर वेगळीच आफत. फुलीने एकच वाट निवडली आणि शेवटी अधिकचे चिन्ह ठेवले, तर ते चिन्ह कधीच न येणाऱ्या दुसऱ्या टोकनाची वाट पाहत राहते आणि बिल कायमचे अडकते. कागदावर दोन्ही चित्रे सारखीच सुबक दिसतात. सुरू झालेले प्रत्येक काम शेवटाला पोचू शकते का, शेवटी मागे काही लोंबकळत राहते का, आणि कधीच वाट्याला न येणारी एखादी पायरी आहे का, हे तीन प्रश्न चांगले सॉफ्टवेअर स्वतःच तपासते. हाताने काढलेल्या आकृतीहून ते सरस ठरते ते इथे.

बीपीएमएनमध्ये चिन्हांचे प्रकार भरपूर आहेत. सगळे वापरण्याचा मोह टाळावा. प्रत्यक्ष वापरातल्या १२० आकृत्यांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका आकृतीत सरासरी नऊच प्रकारची चिन्हे आढळली. आकृतीत पन्नासाहून जास्त घटक झाले की तिचे तुकडे करावेत, हा संशोधकांनी सुचवलेला आणि अनुभवाला उतरणारा नियम आहे. भिंतभर आकृती पाहुण्यांना दाखवायला बरी. तिच्यावर बोट ठेवून चर्चा होत नाही.

आहे ते आणि हवे ते

सुधारणेची सुरुवात काम आज जसे चालते तसे मांडण्यापासून होते. ही पायरी सर्वांत कष्टाची आणि सर्वांत मोलाची. विभागप्रमुख सांगतो ती वाट नियमपुस्तकातली असते. टेबलावर बसणारा सांगतो ती वेगळी, आणि तो प्रत्यक्षात करतो ती आणखी वेगळी. म्हणून मुरलेला विश्लेषक एकच अर्ज हाती घेऊन त्याच्यामागे टेबलामागून टेबल फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो: हा कागद तुमच्याकडे अपुरा आला तर काय करता? साहेब रजेवर असले तर सही कोण करतो? उत्तरांतून बाहेर येणारे अपवाद कित्येकदा मुख्य वाटेपेक्षा जास्त असतात. मग सगळ्या टेबलांवरच्या माणसांना एका खोलीत बसवून पडद्यावर आकृती उभी करतात. आपण पाठवलेल्या तक्त्यातले अर्धे रकाने पुढचा माणूस वाचतच नाही, हे अनेकांना त्या खोलीत पहिल्यांदा कळते. सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा उपयोग मला इथेच वाटतो: कामाचा आपल्याला न दिसणारा भाग ते सर्वांपुढे एकाच वेळी ठेवते.

घोडे नेमके कुठे पेंड खाते, हे मात्र या आकृतीतून आपोआप दिसत नाही, कारण दोन चौकटींमधला बाण क्षणात पार होतो असा भास होतो. समजा, एका अर्जावर चार टेबलांवर मिळून पंचवीस मिनिटांचे काम आहे आणि अर्ज निकाली निघायला नऊ दिवस लागतात. तर ते नऊ दिवस चौकटींत नसतात, बाणांत असतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कामी येतो: स्थिर चाललेल्या व्यवस्थेत साचलेल्या कामांची संख्या ही रोज येणारी कामे आणि प्रत्येकाचा सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. रोज ३० अर्ज येतात आणि २४० पडून आहेत, म्हणजे एक अर्ज सरासरी आठ दिवस राहतो. घड्याळ लावायची गरज नाही. गठ्ठा मोजला तरी पुरते.

रांगेचे गणित आणखी बोचरे आहे. एका माणसाकडे कामे अनियमित येतात, प्रत्येकाला सरासरी दहा मिनिटे लागतात आणि तो वेळही बराच कमीजास्त होतो असे धरू. रांगशास्त्राच्या सर्वांत साध्या सूत्राप्रमाणे, तो माणूस ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर कामाला सरासरी ४० मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के असेल तर ९० मिनिटे. ९५ टक्के असेल तर १९० मिनिटे. माणसाचा एकही क्षण रिकामा जाऊ द्यायचा नाही असे ठरवणारी व्यवस्था प्रत्यक्षात अर्जदाराला ताटकळत ठेवते. सॉफ्टवेअरमधली ‘सिम्युलेशन’ची सोय हेच गणित पूर्ण आकृतीवर चालवते: एक माणूस वाढवला तर, तपासणी आधी आणली तर, ठरावीक रकमेखालची बिले वरिष्ठांकडे पाठवलीच नाहीत तर काय होईल. उत्तरांचा भरवसा मात्र आत घातलेल्या वेळांच्या खरेपणाएवढाच. अंदाजाने भरलेल्या आकड्यांतून निघालेला दशांशापर्यंतचा निकाल हा अंदाजच असतो.

नव्या आखणीचे गाजलेले उदाहरण फोर्डचे आहे. अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी ते १९९० मध्ये सविस्तर मांडले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात पाचशेहून अधिक माणसे होती. संगणक आणून ती चारशेवर आणण्याचा बेत होता. तुलनेला घेतलेल्या माझदाकडे याच कामाला पाच माणसे होती. फोर्डच्या माणसांचा बहुतेक वेळ खरेदीचा आदेश, मालाची पोच आणि पुरवठादाराचे बिल यांतल्या विसंगती निस्तरण्यात जात होता. नव्या आखणीत बिलच काढून टाकले. आदेश सामायिक नोंदसंचात जायचा, माल उतरवतानाच तो आदेशाशी जुळतो का ते पाहायचे, जुळला की पैसे सुटायचे. चौदा बाबी जुळवण्याऐवजी तीन उरल्या आणि मनुष्यबळ ७५ टक्के घटले. असलेल्या वाटेवर संगणक बसवला असता तर एवढे साधले नसते. या विचाराच्या लाटेत पुढे अनेक ठिकाणी ‘फेररचना’ हा नोकरकपातीचा प्रतिशब्द झाला, आणि माणसाच्या बाजूकडे आपले पुरेसे लक्ष नव्हते हे हॅमर यांनीही नंतर मान्य केले.

आकृती चालवणे आणि नोंदींतून आकृती काढणे

बीपीएमएन २.० मधील आकृती एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या मजकुराच्या स्वरूपात साठवता येते आणि योग्य तपशील भरले की ‘प्रोसेस इंजिन’ हे आकृती प्रत्यक्ष चालवणारे सॉफ्टवेअर तिच्याबरहुकूम कामे वाटते, मुदती सांभाळते, आठवणी पाठवते. कामुंडा, फ्लोएबल, बिझागी ही या वर्गातली ठळक नावे. मंजुरीचे गुंतागुंतीचे नियम आकृतीत न कोंबता वेगळ्या तक्त्यात ठेवण्यासाठी २०१५ पासून ‘डिसिजन मॉडेल अँड नोटेशन’, म्हणजे ‘डीएमएन’, हे स्वतंत्र मानक आहे.

उलट दिशेचा प्रवास म्हणजे ‘प्रोसेस मायनिंग’. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ विल व्हान डेर आल्स्ट हे त्याचे अध्वर्यू. प्रकरणाचा क्रमांक, केलेले काम आणि त्याची वेळ एवढ्या तीन गोष्टी संगणकीय नोंदींत असल्या, तरी सॉफ्टवेअर त्यांतून प्रत्यक्षात चालणारी वाट स्वतः रेखाटते. म्युनिकमध्ये २०११ साली सुरू झालेली सेलोनिस ही या क्षेत्रातली आघाडीची कंपनी. अशा आकृतीत बाणावरच सरासरी दिवस लिहिलेले असतात आणि जिथे कामे तुंबतात तो बाण जाड होतो. १९४७ च्या तक्त्यातला खोळंबा इथे परत दिसू लागतो. या नोंदींत माणसांची नावेही असतात. ती झाकून विश्लेषण करावे की नाही, हे काम सुरू होण्याआधी कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवायला हवे. नंतर ठरवले तर सुधारणेचे साधन पाळतीचे साधन होते, आणि पाळत आहे हे कळले की लोक नोंदी सोयीने करू लागतात. शिवाय फोनवर झालेले बोलणे, चिठ्ठीवरचा शेरा, जिन्यात मिळालेली तोंडी मंजुरी यांची नोंद कुठेच नसते. बाणावर ‘सहा दिवस’ असा आकडा उमटला, तर त्या सहा दिवसांत काय चालले होते हे विचारायला विश्लेषकाला पुन्हा त्या टेबलापाशीच जावे लागते.