आर्गॉन मारलेलं चाक

पावसाळा सुरू झाला की टायरच्या दुकानांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. एका चाकातली हवा रोज थोडी कमी होते, पंक्चर मात्र सापडत नाही. टायर उतरवला की अलॉय व्हीलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाच्या, आतल्या कडेला, गाडीच्या पोटाकडच्या बाजूला, केसभर चीर दिसते. खड्ड्याचा प्रताप. पुढचा उपायही ठरलेला असतो : "आर्गॉन मारून देतो, वर रंग मारतो, कळणारसुद्धा नाही." आर्गॉन वायूच्या आवरणाखाली केलेलं हे टिग वेल्डिंग. चीर भरते, ग्राइंडरने घासून सपाट होते, रंग बसतो. चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येत नाहीत हे दाखवलं जातं. नव्या चाकाच्या मानाने अगदी थोड्या पैशांत काम झालेलं असतं.

बुडबुडे आले नाहीत म्हणजे या घटकेला हवा बाहेर जात नाही, एवढंच. हे चाक आणखी दहा हजार किलोमीटर गाडीचा भार पेलेल का, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे, आणि दुकानात तो कोणी विचारतच नाही.

चाकावर नेमकं काय बेततं ते आधी पाहू. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडे सर्रास दिसणारा टायर. त्याचा परीघ सुमारे १.९५ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५१२ फेरे. ताशी १०० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. पुणे ते कोल्हापूर एवढ्या प्रवासात ते लाखाहून अधिक फेरे घेतं आणि दहा हजार किलोमीटरला ५१ लाख. प्रत्येक फेऱ्यात रिमचा प्रत्येक बिंदू रस्त्याच्या बाजूला येतो, भाराखाली किंचित वाकतो, वर जाताना पुन्हा सैल होतो. वळणावर स्पोकही एकदा ताणले आणि एकदा दाबले जातात. रिमची आतली कड स्पोकपासून सर्वांत लांब, तिला जवळपास आधारच नाही. म्हणून ती सर्वाधिक वाकते आणि तडाही बहुधा तिथेच जातो. मोठं चाक आणि पातळ टायर अशी हौस केली असेल तर खड्ड्याचा दणका झेलायला मधली हवेची उशीही उरत नाही.

एका दणक्यात न मोडणारा धातू लाखो छोट्या हेलकाव्यांनी मोडतो, हे माणसाला फार महागात पडून कळलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस (ॲक्सल) मोडला आणि ५० हून अधिक प्रवासी मेले. असे आस का मोडतात याचा छडा पुढे प्रशियातले रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी लावला. १८५० आणि ६० च्या दशकांत त्यांनी आस यंत्रावर चढवून, वाकवत ठेवून, लाखो वेळा फिरवले. धातूला एका वेळी सहज पेलणारा ताण पुन्हापुन्हा दिला की तो भेगाळतो आणि शेवटी तुटतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. यालाच धातूची श्रांती किंवा फटीग म्हणतात. पोलादाच्या बाबतीत एक दिलासा आहे. ताण एका ठरावीक पातळीच्या खाली ठेवला तर साध्या परिस्थितीत ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी पातळी नाही. तिथे प्रत्येक फेरा थोडं आयुष्य खातोच. अलॉय चाकाचा अभियंता हे जाणूनच जाडी ठरवतो, म्हणजे गाडीचं आयुष्य संपेपर्यंत चाकाचं आयुष्य शिल्लक राहील.

आता या धातूकडे वळू, कारण वेल्डिंगचं खरं नुकसान त्याच्या पोटात होतं. बहुतेक अलॉय चाकं ए ३५६ नावाच्या ओतीव मिश्रधातूची असतात : ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम. महागडी घडीव चाकं बहुधा ६०६१ या मिश्रधातूची. पण नुसतं ओतलेलं किंवा घडवलेलं चाक गाडीला लावण्याइतकं मजबूत नसतं. त्याला टी-६ नावाची उष्णताप्रक्रिया द्यावी लागते. आधी अख्खं चाक भट्टीत ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवायचं, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन धातूत विरघळतात. मग ते झटक्यात पाण्यात थंड करायचं. शेवटी १६० अंशांच्या आसपास पुन्हा काही तास शेकायचं. या शेवटच्या मंद शेकात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर उगवतात. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरत असतात. हे कण त्या घसरणीच्या वाटेत रोवलेल्या खुंट्यांचं काम करतात.

अशा कणांचा शोध मोठा रंजक आहे. १९०६ साली बर्लिनजवळ धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांनी एक ॲल्युमिनियम मिश्रधातू तापवून पाण्यात बुडवला. तेव्हा तो अपेक्षेइतका कठीण निघाला नाही. एक-दोन दिवसांनी त्याच तुकड्याची चाचणी घेतली तर तो कितीतरी कठीण झालेला. कोणी हात न लावता धातू आपोआप मजबूत झाला होता! असं का होतं हे त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणं शक्यच नव्हतं. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्षकिरणांच्या मदतीने त्या कणांचा माग काढला. विमानं आणि अलॉय चाकं यांची ताकद याच ज्ञानावर उभी आहे.

वेल्डिंगची आच नेमकी ही घडी मोडते. चिरेतला धातू वितळतो आणि नव्याने गोठतो, तो पुन्हा ओतीव आणि मऊच होतो. त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा वितळत नाही, पण जागेनुसार दोनशे ते पाचशे अंशांपर्यंत तापतो. त्या तापमानात खुंट्या जाड आणि विरळ होतात किंवा विरघळून जातात. ॲल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं, त्यामुळे हा दुबळा पट्टा अरुंद नसतो. वेल्डच्या प्रत्येक बाजूला सुमारे २५ मिलिमीटर धातू कमजोर झाला असं धरूनच अभियंते आराखडे करतात. ६०६१ चं उदाहरण घ्या. टी-६ अवस्थेत तो सुमारे २७५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला कायमचा वाकू लागतो. वेल्डनंतर, पुन्हा उष्णताप्रक्रिया न देता, हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो. रंगाखाली हे काहीच दिसत नाही. वेल्ड केलेलं चाक पुढे मोडतं तेव्हा नवी चीर अनेकदा वेल्डच्या शेजारून जाते. "माझं वेल्ड अजून शाबूत आहे," असं कारागीर सांगतो, आणि ते खरंही असतं.

मग अख्ख्या चाकाला पुन्हा टी-६ का देत नाहीत? कारण तयार चाक ५४० अंशांवरून पाण्यात बुडवलं की ते वाकडंतिकडं होतं. टायर बसायची कड आणि नटांची छिद्रं परत मशीनवर काटेकोर करावी लागतात. गल्लीतल्या दुकानात ती भट्टीही नसते आणि ते मशीनही.

वेल्डच्या आतही दोष लपतात. ॲल्युमिनियमवर कायम ऑक्साइडचा पातळ थर असतो. धातू ६६० अंशांना वितळतो, पण हा थर २,००० अंशांच्याही वर. तो नीट काढला नाही तर त्याचे पापुद्रे वेल्डमध्ये अडकतात आणि जन्मतःच चिरेचं काम करतात. दमट हवा, चिरेत मुरलेलं तेल, जुना रंग, ब्रेकची काळी भुकटी यांतून हायड्रोजन मिळतो. वितळलेल्या ॲल्युमिनियमला तो भरपूर पचतो, पण गोठताना ही क्षमता जवळपास २० पटींनी घटते आणि वायू बुडबुड्यांच्या रूपात आतच कोंडला जातो. एखाद्या गोल छिद्राच्या काठावरही ताण तिप्पट होतो, अणकुचीदार दोषाच्या टोकाला तर त्याहून कितीतरी जास्त. वेल्ड केलेल्या सांध्यात ताण दुप्पट झाला की आयुष्य ढोबळमानाने आठव्या हिश्शावर येतं. मूळ चिरेचं टोक शोधून ते पूर्ण खणून काढलं नसेल तर वरच्या चकचकीत थराखाली ती चीर जिवंतच असते.

'बेंड काढून देतो' म्हणत रिम गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकून सरळ करणं हाही याच घराण्यातला प्रकार. लोखंड तापलं की लाल होतं, लोहाराला रंगावरून अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल न होताच वितळतं. किती तापलं हे डोळ्यांना कळायच्या आत टी-६ ची सगळी मेहनत वाया गेलेली असते.

वेल्डिंग मुळातच वाईट आहे असं मात्र मुळीच नाही. साधं पोलादी चाक कारखान्यात वेल्डिंगनेच बनतं. पोलादाची पट्टी गोल वळवून तिची टोकं जोडतात आणि मधली डिस्क रिमला वेल्ड करतात. पण तिथे पट्टीचा दर्जा, विद्युतप्रवाह, वेग सगळं बांधलेलं असतं, नमुने काढून ते मोडेपर्यंत तपासले जातात आणि आराखडा करतानाच वेल्डचा दुबळेपणा हिशेबात धरलेला असतो. आधी पूर्ण ताकदीवर बेतलेल्या चाकात नंतर घुसवलेलं वेल्ड ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणूनच हौसेने रुंद करून घेतलेल्या रिमची मला जास्त धास्ती वाटते. जीपला रुंद टायर हवे म्हणून पोलादी रिम गोलाकार कापायची, मध्ये पट्टी घालायची आणि दोन्ही कडांनी वेल्ड करायची. १५ इंची रिमचा घेर सुमारे १.२ मीटर, म्हणजे एका चाकात जवळजवळ २.४ मीटर लांबीचं वेल्ड, आणि त्यातली एखादी सेंटिमीटरभर कच्ची जागाही चीर सुरू व्हायला पुरते. वेल्ड थंड होताना आकसतं, त्यामुळे रिम 'आउट' जाते, म्हणजे फिरताना डुलते. बॅलन्सिंगची शिशाची वजनं लावून स्टिअरिंगची थरथर कमी होते, पण रिम वाकडीच राहते. शिवाय टायर बाहेरच्या बाजूला सरकल्याने हबच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या नटांवर जादा पीळ पडतो.

कारखान्यातलं चाक बाजारात येण्यापूर्वी काय भोगून येतं ते पाहिलं की हा फरक नीट लक्षात येतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या संस्थांत त्याच्या चाचण्या होतात. एका चाचणीत वळणावरचा पीळ देत चाक फिरवत ठेवतात, व्होलर यांच्या प्रयोगाचंच हे आजचं रूप. दुसरीत नेहमीच्या भाराच्या दुपटीहून जास्त भाराने ते मोठ्या ड्रमवर दाबून पळवतात. तिसरी आघाताची : चाक १३ अंश तिरकं बसवून २३० मिलिमीटर उंचीवरून वजन त्याच्या कडेवर सोडायचं. ५०० किलो भारासाठी बनवलेल्या चाकावर हे वजन ४८० किलोचं असतं. मधला भाग तडकून फुटता कामा नये आणि एका मिनिटात सगळी हवा निघून जाता कामा नये. अलॉय चाकांसाठी आपल्याकडे आयएस १६१९२ हे मानक आहे. वेल्ड केल्यावरही चाकावरची आयएसआय खूण तशीच राहते, पण ज्या चाकाने ती कमावली ते चाक आता उरलेलं नसतं.

आणखी एक धोका कारागिराच्याच जिवाशी आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. टायर न उतरवता रिमला वेल्डिंग करायचं नाही, हवा सोडून दिली असली तरीही नाही. तापलेल्या रिमला चिकटलेलं रबर आतून विघटित होऊ लागतं, ज्वलनशील वायू साठतात आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. ट्रकच्या टायरच्या बाबतीत असे स्फोट माणसांना उडवून देतात. अमेरिकेत ट्रक-बसच्या चाकांवर काम करणाऱ्यांसाठीच्या सुरक्षा नियमांत तडकलेले, मोडलेले किंवा वाकलेले रिमचे भाग वेल्ड करणं किंवा तापवणं सरळ निषिद्ध आहे. हमरस्त्यावरच्या प्रत्येक पंक्चरवाल्यापर्यंत हा नियम मराठीत पोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गाडी वापरणाऱ्याने काय पाहावं? हवा वरचेवर कमी होत असेल तर टायर उतरवून रिमची आतली बाजू बघायला सांगा. संशय असेल तर डाय पेनिट्रंट चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. पृष्ठभागावर चीर असेल तर लाल रेघ उमटते. मात्र पृष्ठभागाखालचे दोष तिला दिसत नाहीत, त्यासाठी क्ष-किरणांसारखी चाचणी लागते. कडेचा ओरखडा घासून रंगवण्याला हरकत नाही. तडा स्पोकमध्ये, नटांच्या छिद्रांजवळ किंवा रिमच्या पोटात असेल तर चाक बाद समजावं. नवं अलॉय परवडत नसेल तर त्याच गाडीचं कंपनीचं साधं पोलादी चाक लावावं. चार चाकं एकसारखी दिसली नाहीत तरी चालेल.

जुनी अलॉय विकत घेताना आतली बाजू हाताने चाचपा. तिथेच ताजा, जाड रंग असेल तर तो का दिलाय हे विचारा. आणि तडकलेलं चाक भंगारात देताना आधी ग्राइंडरने आरपार कापून द्या. अख्खं दिलं तर तेच चाक वेल्ड होऊन, पावडर कोटिंग चढून पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागतं. कापलेल्या तुकड्यांचं ॲल्युमिनियम वितळून पुन्हा वापरता येतं, आणि त्याला खनिजापासून नवा धातू काढायच्या मानाने जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.