डुक्कर चालतं, मग वाइन का नाही? थोडी पार्श्वभूमी

दर ख्रिसमसला हा वाद निघतोच. एकजण म्हणतो बायबलमध्ये डुक्कर खाऊ नका असं स्वच्छ लिहिलंय तरी हे लोक खातात, दुसरा म्हणतो आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) तर बियरलाही कुणी शिवत नाही, आणि तिसरा काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो दाखला देऊन मोकळा होतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. जे मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या नियमांत, सरळ मना आहे ते बहुतेक ख्रिश्चनांनी पहिल्या तीन-चारशे वर्षांतच सोडून दिलं, आणि जे सरसकट मना कुठेच नाही त्यावर बंदी आली ती जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी. हे उलटं कसं झालं एवढंच सांगायचंय.

कुठला प्राणी खायचा आणि कुठला नाही याची यादी जुन्या करारात लेवीय ११ मध्ये आहे, खूर, रवंथ, पंख, खवले वगैरे, त्यात जात नाही. येशूचा शिष्य पेत्र याला यापो गावात दृष्टान्तात सगळ्या प्राण्यांनी भरलेली चादर दिसली आणि ‘मार आणि खा’ असा आवाज आला, तेही आहे. खरा निर्णय झाला तो साधारण इ.स. ५० च्या सुमारास यरुशलेममध्ये (प्रेषितांची कृत्ये १५). यहुदी नसलेल्या लोकांनी सुंता करायची का, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का, हा प्रश्न होता आणि उत्तर आलं की नाही, फक्त चार गोष्टी टाळा: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म. म्हणजे डुकराचा विषय तिथेच संपला, पण रक्ताचा नाही संपला, आणि हे लोक विसरतात. १७७ साली ल्योंमध्ये छळ झाला तेव्हा ख्रिश्चन लहान मुलं खातात असा आरोप होता, त्यावर एका बाईने छळ सोसत उत्तर दिलं की ज्यांना जनावराचं रक्तसुद्धा खायची परवानगी नाही ते मुलं कशी खातील. ४०० च्या आसपास मात्र उत्तर आफ्रिकेतला एक बिशप लिहितो की मानेवर फटका मारून मारलेला ससा खायला जे अजून घाबरतात त्यांना बाकीचे हसतात. पूर्वेकडच्या चर्चने ६९२ मध्ये रक्ताची मनाई पुन्हा लिहून काढली, पश्चिमेकडच्यांनी १४४२ मध्ये फ्लॉरेन्सला लेखी सांगितलं की तो नियम त्या काळापुरता होता, कारण संपलं तसा नियमही संपला. गोव्याचं आणि वसईचं पारंपरिक सोरपोटेल डुकराचं मांस, काळीज आणि डुकराचंच रक्त घालून होतं, म्हणजे लेवीय आणि कृत्ये १५ दोन्ही एकाच पातेल्यात, आणि ते मंडळीच्या सणाला जेवणात वाढतात. त्याच चार कलमांतल्या रक्तावर बोट ठेवून यहोवाचे साक्षीदार या पंथाने १९४५ पासून रक्त चढवून घ्यायलाही नकार दिलाय. एकच ओळ, निष्कर्ष बघा कुठून कुठे.

आता पिण्याकडे. दारूला शिव्या बायबलमध्ये भरपूर आहेत (नीतिसूत्रं काढून बघा), नोहाची फजिती आहे, नाजीर लोकांचं (देवाला नवस करून दारू सोडणाऱ्यांचं) व्रत आहे, पण तेवढ्याच जोरात द्राक्षारसाने माणसाचं मन आनंदतं असं स्तोत्रही आहे आणि तीमथ्य या आपल्या सहकाऱ्याला पोटासाठी थोडा घे असा प्रेषित पौलाचा सल्लाही आहे. झिंगायचं नाही, एवढंच सगळीकडे सारखं. पुढची हजार-दीड हजार वर्षं हीच लाइन चालली. सहाव्या शतकातल्या मठांच्या नियमात साधूला रोज पाव लिटरच्या आसपास वाइन ठरलेली. जर्मनीत ज्याच्यामुळे चर्चमध्ये फूट पडली त्या मार्टिन ल्यूथरची बायको घरी बियर काढायची. १६७३ साली बॉस्टनचा एक कडक प्युरिटन पाद्री दारुडेपणावर तुटून पडतो, पण पेय हे देवाने दिलेलं चांगलं आहे हेही तोच सांगतो.

बदललं ते व्हिस्की आणि रममुळे. गाळलेली दारू स्वस्त झाली, १८३० च्या सुमाराला अमेरिकेत मोठ्या माणसामागे वर्षाला २५ लिटरच्या वर शुद्ध अल्कोहोल जात होतं असा इतिहासकारांचा हिशेब आहे, आणि ही सरासरी आहे, म्हणजे न पिणाऱ्या बायका-माणसांचा वाटा कुणीतरी पीत होतं. नवऱ्याचा पगार वाटेतल्या गुत्त्यात, बायकोच्या नावावर कायद्याने काही नाही, अशी परिस्थिती. तेव्हा दारूविरोध हा नुसता सोवळेपणा नव्हता हे आधी मान्य करू. १८२६ मध्ये बॉस्टनला जी संस्था निघाली तिची सुरुवातीची शपथ फक्त गाळलेल्या दारूविरुद्ध होती, वाइन-बियर चालायची. मग १८३२ ला इंग्लंडात प्रेस्टनच्या कामगारांनी सगळंच बंद अशी शपथ घेतली, १८३६ मध्ये अमेरिकेतल्या चळवळीनेही तेच धरलं, आणि इथे अडचण झाली. सगळंच बंद म्हटल्यावर रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीच्या, पेल्यात काय आहे?

या एका प्रश्नावर जेवढी शाई सांडली तेवढी डुकरावर कधीच सांडली नसेल. वाइन मुळातच पाप असेल तर येशूने ती प्यायली, पाजली आणि वर विधीत ठेवली, हे कसं जुळवायचं? तर तोड अशी काढली की बायबलमध्ये वाइन दोन प्रकारची आहे, जिथे कौतुक आहे तिथे न आंबलेला रस आणि जिथे निंदा आहे तिथे आंबलेली. चांगल्या सेमिनरीतले, हिब्रू कोळून प्यायलेले प्राध्यापक हे गंभीरपणे मांडत होते. त्यांचा आवडता मुद्दा म्हणजे वल्हांडणाला (यहुद्यांचा सण, येशूचं शेवटचं जेवण त्याच वेळचं) घरात खमीर ठेवायचं नाही, मग आंबलेला रस कसा चालेल. यावर साधं उत्तर आहे की यहुदी लोक स्वतःच वल्हांडणाला वाइनचे चार पेले पितात, त्यांच्याकडे मनाई धान्याच्या खमिराला आहे. दुसरं म्हणजे द्राक्षं उतरतात उन्हाळ्याच्या शेवटाला आणि वल्हांडण येतो मार्च-एप्रिलात, सहा-सात महिने रस रस म्हणून टिकणार कसा, नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, द्राक्षाच्या सालीवरच यीस्ट असतं आणि रस काढून ठेवला की दोन-तीन दिवसांत फसफसायला लागतो. रोमन लोक रस आटवून काकवीसारखा करून ठेवायचे हे खरं आहे, दोन प्रकारवाले त्याचाच आधार घेतात, पण तो जेवणात चवीला वापरायचे, जेवणाबरोबर पेला भरून प्यायचं पेय तो नव्हे. आणि करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनालाच काहीजण झिंगतात म्हणून पौल रागावतो, ते रसावर झिंगत होते का?

माझ्या मते एवढी ओढाताण करायची गरजच नव्हती. चळवळीकडे याहून प्रामाणिक मुद्दा होता आणि तोही पौलाचाच, रोमकरांस १४: भाऊ अडखळत असेल तर मांस खाऊ नये, द्राक्षारस पिऊ नये. कष्टाने दारू सोडलेला माणूस चर्चमध्ये येतो आणि पहिला घोट त्याला पाळकाच्याच हातून मिळतो, हा प्रकार तेव्हा खरोखर घडत होता आणि लोक ते डोळ्याने बघत होते. त्यासाठी पेला बदला, कुणी नाही म्हणणार नाही. पण आपण आज बदलतोय असं न म्हणता पहिल्यापासून असंच होतं असं सिद्ध करायची हौस, तिथे गडबड झाली.

बरं, ठरवलं तरी रस आणायचा कुठून? बरीच वर्षं लोक मनुका भिजवून पाणी काढायचे किंवा घरी रस उकळायचे, तोही बऱ्याचदा आंबायचाच. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात, जिथे दारूविक्रीला मुळापासून बंदी होती, तिथल्या एका मेथडिस्ट डेंटिस्टने, ज्याच्याकडे चर्चच्या प्रभुभोजनाची तयारी असायची, काळी कॉनकॉर्ड द्राक्षं शिजवून रस गाळला, बाटल्यांना घट्ट बुचं मारली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवल्या. पाश्चरची युक्ती फ्रान्समध्ये वाइन बिघडू नये म्हणून निघालेली, ती याने वाइन होऊच नये म्हणून वापरली! विकलं ते ‘न आंबलेली वाइन’ म्हणूनच. फार खप झाला नाही, त्याने नाद सोडला, पुढे मुलाने धंदा उभा केला आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांना रस पाजला. त्यांच्या आडनावाची, वेल्चची, बाटली आजही अमेरिकेत दुकानात मिळते. तोवर तिथल्या मेथडिस्टांनी न आंबलेला रस नियमावलीत घातला होता. पुढे जंतूंच्या भीतीने एका पेल्याऐवजी छोट्या छोट्या कपांचा ट्रे आला, तोही १८९० च्या दशकातलाच.

आपल्याकडे हे सगळं मिशनरींच्या सामानातून आलं. अमेरिकन मिशन १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला अहमदनगरला आलं ते न्यू इंग्लंडच्या त्याच वर्तुळातून, जिथे ही शपथ जन्मली. त्यामुळे नगरकडच्या मंडळींत दारू न पिणं ही ख्रिस्ती असल्याची खूण झाली, आणि वसई-गोव्याच्या कॅथलिकांना हे कायम विचित्र वाटत आलंय, कारण त्यांच्याकडे ही लाट आलीच नाही, काजूची फेणी आणि मिस्सा (कॅथलिकांचं प्रभुभोजन) शेजारी शेजारी राहतात. उलट पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशनला (धर्म नीट पाळतात का हे तपासणाऱ्या चर्चच्या न्यायालयाला) डुक्कर न खाणारा, नुकता धर्मांतर केलेला ख्रिश्चन लपून यहुदी धर्म पाळत असेल असा संशय यायचा, आणि १७३६ च्या गोव्यातल्या हुकमात तर भात मीठ न घालता शिजवणं हिंदूंची रीत म्हणून मना केलंय. म्हणजे पौलाने काहीही खा म्हटलेलं, तिथे अमुक खाच झालं.

पंडिता रमाबाई या गुंत्यात मध्येच उभ्या आहेत. १८८६ ते १८८८ अमेरिकेत असताना तिथल्या ख्रिस्ती बायकांची दारूविरोधी संघटना त्यांनी जवळून पाहिली आणि परत आल्यावर अमेरिकेवरच्या मराठी पुस्तकात तिचं मनापासून कौतुक केलं. आणि ताटाच्या बाबतीत बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या, त्यावरून इंग्लंडच्या मठातल्या बायकांशी त्यांचं वाजलंही, की हा जुन्या जातीचा अभिमान आहे वगैरे. मांस न खाणं हे बंडखोर आणि वाइन न पिणं हे धार्मिक, असा तो काळ.

अमेरिकेत १९२० ला देशभर दारूबंदी लागली तेव्हा धार्मिक विधीची वाइन कायद्यातून वगळली, आणि लगेच विधीच्या वाइनची मागणी एकदम वाढली, १९३३ ला बंदीच उठली. बॉम्बे प्रोहिबिशन अ‍ॅक्ट १९४९ मध्येही विधीच्या वाइनसाठी परवानगीची सोय आहेच, म्हणजे मोरारजींच्या कोरड्या मुंबईतही मिस्सेला अडचण नव्हती. रसवाल्या मंडळींना तर परवानगीच लागत नाही, आदल्या रात्री काळ्या मनुका उकळून ठेवल्या की झालं. त्यांची शपथ अजून टिकून आहे, अमेरिकेत ज्यांनी ती काढली त्यांच्यातल्या बऱ्याच चर्चनी मात्र साध्या पिण्यावरची सक्ती विसाव्या शतकातच सैल केली. पेल्यात तिथेही अजून रसच असतो. कॅथलिक नियम द्राक्षाची खरी वाइनच हवी यावर ठाम आहे, पण व्यसनातून बाहेर आलेल्या पाद्रींसाठी २००३ च्या रोमच्या पत्रानुसार बिशपच्या परवानगीने आंबणं थांबवलेला ताजा रस चालतो, फक्त त्यात बाहेरचं काही घातलेलं नसावं.