बोरॉन ट्रायऑक्साइड

बोरॉनचे सर्वांत महत्त्वाचे ऑक्साइड. याच्या सूत्रात बोरॉनचे २ व ऑक्सिजनचे ३ अणू असतात, रेणुभार ६९·६२. बोरिक अम्ल तापविले की सु. १७०° से.ला मेटाबोरिक अम्ल आणि अधिक तापविल्यास हे ऑक्साइड मिळते. शेवटचे पाणी मात्र चिवटपणे धरून राहते, त्यामुळे लालभडक तापमानापर्यंत जावे लागते. थंड केलेला रस (वितळलेले ऑक्साइड) स्फटिक न होता रंगहीन, पारदर्शक काच बनतो. ही काच उघडी ठेवल्यास बाष्प शोषते, पृष्ठभाग पांढुरका पडतो व पुन्हा बोरिक अम्ल तयार होते.

काचरूपाची घनता सु. १·८ ग्रॅ./घ. सेंमी., नेहमीच्या स्फटिकाची सु. २·५ आणि उच्च दाबाखाली होणाऱ्या प्रकाराची सु. ३·१ आहे. स्फटिक सु. ४५०° से.ला वितळतो; काच त्याआधीच हळूहळू मऊ होते, म्हणून तिला निश्चित वितळबिंदू नाही.

काचेची संरचना हा जुना वादविषय आहे. प्रत्येक बोरॉन अणूभोवती त्रिकोणात तीन ऑक्सिजन अणू असतात, याबद्दल मतभेद नाही. स्फटिकवैज्ञानिक सखारियासेन यांच्या १९३२ मधील कल्पनेनुसार हे त्रिकोण अनियमित जाळ्यात गुंफलेले असतात. पुढे तीन बोरॉन व तीन ऑक्सिजन अणूंची सपाट कडी (बोरॉक्सॉल कडी) मानली गेली. रामन वर्णपटातील (पदार्थातील कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातील) ८०८ प्रतिसेंमी. जवळची अतिशय तीक्ष्ण रेषा तिचीच खूण समजतात. कड्यांतील बोरॉनचे प्रमाण किती, यावर संगणकीय प्रतिकृती व प्रयोग यांत दीर्घकाळ मेळ नव्हता. तथापि निम्म्याहून अधिक बोरॉन कड्यांत असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नेहमीच्या दाबाला हा रस सहसा स्फटिकत नाही. स्फटिकात या कड्या नसतात, त्यामुळे त्या मोडाव्या लागणे हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

हे ऑक्साइड प्रामुख्याने अम्लधर्मी असून वितळल्यावर धातूंची ऑक्साइडे विरघळविते. धातू ओळखण्याच्या टाकणखाराच्या मणी परीक्षेचा आधार हाच. प्लॅटिनमच्या तारेच्या वेढ्यावर टाकणखार तापविला की तो आधी फुगतो, मग नितळ मणी होतो. त्यात कोबाल्टच्या संयुगाचा कण विरघळला की गडद निळा आणि क्रोमियमचा विरघळला की हिरवा रंग येतो. फॉस्फरस पेंटॉक्साइडबरोबर बोरॉन फॉस्फेट होते. तेथे याचा क्षीण क्षारकीय गुण दिसतो. मॅग्नेशियमने क्षपण केल्यास (ऑक्सिजन काढून घेतल्यास) अशुद्ध बोरॉन मिळते.

उपयोग : बोरोसिलिकेट काच, झिलई, बोरॉनची इतर संयुगे, गॅलियम आर्सेनाइडचे स्फटिक वाढविताना आर्सेनिक उडून जाऊ नये म्हणून रसावरील आच्छादन.