घास कमरेपासून सुरू होतो

माझी मैत्रीण घणसोलीला राहते. तिचा सोन्या सहा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली. ती इजा वाढत नाही, पण हालचालींवर तिचा परिणाम आयुष्यभर राहतो. शिवाय त्याला फिट्स येतात. गेल्या वर्षी त्याला तीनदा न्यूमोनिया झाला. तिन्ही वेळा औषधं बरोबर होती, तिन्ही वेळा तो बराही झाला, आणि काही महिन्यांत पुन्हा ताप, पुन्हा घरघर.

फिट्सचे डॉक्टर ठाण्याला, फिजिओथेरपी वाशीला, स्पीच थेरपी नेरूळला. सोन्याला कडेवर घेऊन ती ट्रान्स-हार्बरच्या लोकलने या तिन्ही ठिकाणी जायची. फाईल जाडजूड होती, पण एका तज्ज्ञाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं काम तिचंच. वैद्यकातले अवघड शब्द तिने जसे ऐकले, तसे पुढे सांगायचे. यात निरोप हरवला तर दोष कुणाचा?

मग एका केंद्राने या सगळ्यांना एकाच वेळी एका खोलीत बोलावलं. मीही सोबत होते. सोन्याच्या आईने डब्यात वरणभात नेला होता. तिला सांगितलं, ‘रोज भरवता तसंच भरवा.’ ती मांडी घालून बसली, सोन्याला मांडीवर आडवा घेतला, त्याची मान दंडावर मागे कलली आणि पहिला घास वरून तोंडात गेला. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि रोजची कामं करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असे चौघं भिंतीला टेकून नुसते बघत होते. फिट्सच्या डॉक्टरांना येता आलं नाही, ते फोनवर होते.

गिळणं ही शरीरातल्या सर्वांत बारीक जुळणीच्या क्रियांपैकी एक आहे. पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या क्रमाने काम करतात. श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर सरकतं, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि घास मागून अन्ननलिकेत उतरतो. हे सगळं साधारण एका सेकंदात. मान मागे झुकलेली असली की श्वासनलिका सताड उघडी राहते आणि झाकण वेळेवर पडणं अवघड होतं. अन्नाचा अंश फुफ्फुसाकडे जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याला लगेच ठसका लागतो. अशा अनेक मुलांना तो लागतच नाही, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही.

फिजिओथेरपिस्ट मात्र सोन्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, त्या त्याच्या कमरेकडे बघत होत्या. कंबर मागे ढळली की पाठ गोल होते, आणि समोर बघायला मूल हनुवटी वर फेकतं. मेंदूकडून स्नायूंना मिळणारा आवर कमी पडल्यामुळे अंग आधीच ताठ, त्यात पाय अधांतरी असले की ते आणखी ताणतं. म्हणजे गिळणं सुधारायचं तर आधी कंबर आणि तळवे टेकवायला हवेत. बोलण्यासोबत गिळणंही बघणाऱ्या स्पीच थेरपिस्टला हे एकट्याने करता आलं नसतं.

स्पीच थेरपिस्टनी बोट ठेवलं ते वरणभातावर. पातळ वरण आधी धावतं, भाताची शितं मागे राहतात. एका तोंडात दोन वेगवेगळे वेग सांभाळणं या मुलाला जमत नाही. गुरगुट्या भातात घट्ट वरण एकजीव घोटून द्या, म्हणाल्या. मग बालरोगतज्ज्ञांनी लाळेबद्दल विचारलं. फिट्ससाठी चालू असलेल्या क्लोनाझेपामने लाळ वाढू शकते, गुंगीही येते. तोच डोस जेवणाच्या तोंडावर होता. वेळ बदलायचा निर्णय फोनवरच्या डॉक्टरांनी घेतला. असे बदल घरी परस्पर करू नयेत, हे मुद्दाम सांगते.

तीन न्यूमोनियांचा धागा असा तासाभरात हाती आला. चौघांपैकी कुणीही आधी चूक केली नव्हती, प्रत्येकाने आपला तुकडा नीट पाहिला होता. पण मुलाच्या शरीरात असे कप्पे नसतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला तो पालघरमधून, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर एका छपराखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक, अशी त्याची रचना आहे. माझ्या मते खरी अडचण छपराची नाही. एकाच इमारतीत शेजारशेजारच्या खोल्यांत बसूनही तज्ज्ञ एकमेकांचे कागद न वाचता राहू शकतात. कुटुंबाचा धागा धरणारा एक ठरलेला माणूस आणि सगळ्यांनी मिळून लिहिलेला एक कागद, एवढं झालं तरी आईच्या डोक्यावरचं ओझं खूप उतरतं.

सोन्याचा तो कागद आता ओट्याच्या वरच्या टाइलवर चिकटवलेला आहे. आजींना वाचता येत नाही, म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टने चित्रं काढून दिली: खुर्चीत टेकलेली कंबर, पाटावर टेकलेले पाय, किंचित खाली हनुवटी, समोरून येणारा चमचा. फिट्स अजून येतात, चालणं अजून दूर आहे. पण पूर्वी त्याला भरवायची हिंमत फक्त आईची होती. आता रबाळ्याहून शिफ्ट संपवून आलेले बाबा हात धुतात, चित्राकडे एकदा बघतात आणि रात्रीचा भात स्वतः भरवतात.