दोन नमुन्यांमधली मींड

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला गेले की चहाच्या रांगेत एक विधान हमखास कानावर पडते: डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांच्या फटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे, हरवते. तुकडे पडतात हे खरे आहे. सीडीवर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि साठवले जातात ते केवळ हे आकडे, म्हणजेच नमुने. फटीत मात्र काहीही हरवत नाही. लहरीतील सर्वांत मोठी वारंवारता (सेकंदाला होणारी कंपने, हर्ट्झमध्ये मोजलेली) नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या सर्व बिंदूंमधून जाणारी अशी लहर एकच असते, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्धतेसह मांडले.

ही अट मोडली तर काय होते, ते फार मजेदार आहे. पंख्याचे एकच पाते लाल रंगवले आहे आणि आपण ठरावीक अंतराने क्षणभरच डोळे उघडतो, असे समजा. दोन दृष्टिक्षेपांच्या दरम्यान पाते पाच-अष्टमांश फेरा पुढे गेले, तर ते तीन-अष्टमांश फेरा मागे आल्यासारखेच दिसते. दोहोंतला फरक सांगणारा कोणताही पुरावा आपल्याजवळ नसतो. नेमके हेच ध्वनीच्या बाबतीत घडते. सेकंदाला ८,००० नमुने घेतले, तर ५,००० हर्ट्झचा स्वर ३,००० हर्ट्झचा होऊन बसतो. या तोतयेगिरीला एलिअसिंग म्हणतात. आकडे तंतोतंत तेच असल्यामुळे नंतर कोणतेही सॉफ्टवेअर खरा स्वर कोणता हे निव्वळ त्या आकड्यांवरून ओळखू शकत नाही. म्हणून नमुने घेण्यापूर्वीच, विद्युतसंकेत अखंड असतानाच, नको त्या वारंवारता फिल्टरने गाळाव्या लागतात. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आणि ४४,१०० चे निम्मे २२,०५०. फिल्टर एका फटक्यात कापत नाही, उतरत उतरत गाळतो; मधली चिंचोळी जागा या उतारासाठी सोडलेली असते.

मींडीला फटीत लपायचे असेल, तर तिला २२,०५० हर्ट्झच्या वर वळणे घ्यावी लागतील आणि ती रसिकाला मंडपात बसूनही ऐकू येणार नाहीत. सेकंदाला १,९२,००० नमुन्यांच्या फायली ‘आवाजातला प्राण जपणाऱ्या’ म्हणून विकल्या जातात. ध्वनिमुद्रण करताना जादा नमुन्यांमुळे फिल्टरचा उतार सौम्य ठेवता येतो, हा खरा फायदा आहे. प्राणाची वारंवारता मात्र विक्रेत्यांनी अद्याप सांगितलेली नाही.