‘विरार आली!’ हे मेंदूला कसं कळतं?

संध्याकाळी दादरच्या फलाटावर कुणीतरी ओरडतं, ‘विरार आली!’ आणि गर्दी पुढे सरकते. विरार आपल्या जागीच असतं, पार वसईच्या खाडीपलीकडे. आपण गावाचं नाव घेतो आणि बोलतो गाडीबद्दल. क्रियापदही त्याची साक्ष देतं. गाव ‘आलं’ असतं, पण आपण ‘आली’ म्हणतो, कारण मनात गाडी आधीच उभी असते. पावसाळ्यात ‘मुंबई तुंबली’ म्हणतो तेव्हा तुंबलेलं असतं हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे. ‘मंत्रालय गप्प आहे’ हे ऐकून इमारतीने बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यायच्या या रीतीला आपल्याकडे लक्षणा म्हणतात. तिचं जुनं उदाहरण म्हणजे ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळीवाडा आहे. वाहत्या पाण्यावर वाडा कसा असेल? तिथे सरळ अर्थ अडतो, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असं समजतो. अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या: मूळ अर्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा त्याच्याशी काही संबंध असावा, आणि असं बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावं. मला या प्रयोजनाचं फार कौतुक वाटतं. ‘काठ’ न म्हणता ‘गंगा’ म्हटलं की पाण्याचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्यालाही लाभतं. साध्या वाक्याला ते जमत नाही.

पण मन खरंच आधी सरळ अर्थाला धडकतं आणि मग वळतं का? विसाव्या शतकातल्या अनेक भाषा-तत्त्वज्ञांनाही तसंच वाटत होतं. १९८२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रूपकांवर तपासलं. लोकांना एकेक वाक्य दाखवायचं आणि ते शब्दशः खरं की खोटं एवढंच विचारायचं. ‘काही नोकऱ्या तुरुंग असतात’ हे शब्दशः खोटं आहे, तेव्हा ‘खोटं’ असं झटकन उत्तर यायला हवं होतं. पण अशा वाक्यांवर लोक अडखळले. ज्यातून काहीच अर्थ निघत नाही अशा खोट्या वाक्यांवर त्यांना कमी वेळ लागला. रूपकाचा अर्थ कुणी मागितलाच नव्हता, तरी तो मनात उमटला आणि उत्तराच्या आड आला. म्हणजे रूपक कळणं ही आपण ठरवून करायची गोष्ट नाही.

मेंदूतल्या विद्युत लहरींवरूनही असंच दिसतं. एखादा शब्द वाक्यात बसत नसेल, तर तो वाचल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर उठते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० मध्ये नोंदवली. रूपक वाचताना ही लहर साध्या वाक्यापेक्षा थोडी मोठी असते, पण उठते त्याच वेळी. श्रम जरा जास्त पडतात, मात्र आधी एक अर्थ टाकून मग दुसरा शोधण्याचा वेगळा टप्पा दिसत नाही.

आणखी एक निष्कर्ष मला फार भावतो. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं, की स्पर्शावर बेतलेली रूपकं ऐकताना मेंदूतला पोत ओळखणारा भाग जागा होतो. त्याच अर्थाच्या साध्या वाक्यांनी तो तसा होत नाही. आपण ‘गुळगुळीत उत्तर’ म्हणतो, ते याच जातीचं रूपक.

सगळी रूपकं मात्र सारखी सोपी नसतात. ‘पोरगी वाघ आहे’ हे लगेच कळतं, ते रुळलेलं आहे. नव्या कल्पनेला उपमेचा आधार लागतो. बाउडल आणि गेंटनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं, की अनोळखी तुलना ‘सारखं’ वापरून सांगितली तर लवकर समजते, आणि वापरून रुळली की लोक थेट रूपक पसंत करतात. शाळेत आपण ‘सारखा, जसा, प्रमाणे’ हे शब्द पाहून उपमा ओळखतो आणि गुण मिळवतो. ते शब्द तिथे का लागतात, हे कुणी सांगतच नाही.

‘तिची आठवण गिरणीच्या भोंग्यासारखी येते’ हे वाक्य घ्या. लालबागच्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला यापुढे काही सांगावं लागणार नाही. तिथेच टॉवरमध्ये वाढणाऱ्या त्याच्या नातीला ‘सारखी’ असूनही अर्थ लागणार नाही. भोंगा ठरल्या वेळी व्हायचा, घराघरात ऐकू जायचा आणि झोपेतून उठवून माणसाला पाळीवर न्यायचा, हे तिला आधी सांगावं लागेल. मम्मटाची दुसरी अट, दोन अर्थांतला संबंध, तिच्यासाठी अजून पुरी झालेली नाही.